मराठी-कन्नड आकडे, मेंदूचं मॉडेल आणि आपल्या भागातले रिकामे कॉम्प्युटर: प्रकल्प नोंदी

१९ एप्रिल, बेळगाव

सर्व्हरच्या कामाला हात घालायच्या आधी मूळ प्रश्न लिहून ठेवते, कारण एकदा का केबल आणि पासवर्डच्या मागं लागलो की प्रश्न बाजूला पडतो.

आपल्या भागातली पोरं घरात मराठी आकडे ऐकतात, बाजारात मराठी कन्नड दोन्ही, शाळेत इंग्लिश पण. मराठीत पंचवीस म्हटलं की आधी पाच कानावर येतो आणि मग वीस, पण वहीत आधी २ लिहायचा असतो. कन्नडमधे इप्पत्तैदु, आधी वीस मग पाच, जसं ऐकू येतं तसंच लिहायचं. जर्मन भाषेत आपल्यासारखंच एकक आधी येतो आणि तिकडची लहान मुलं २५ च्या जागी ५२ कशी लिहितात यावर बराच अभ्यास झालेला आहे. आपल्याकडं तर त्याच्यावर एकोणतीस, एकोणचाळीस आहेत, एकोणपन्नास म्हणताना कानावर पन्नास पडतं आणि लिहायचा असतो ४.

तर मूल हा आकडा ऐकून लिहितं तेव्हा डोक्यात काय होतं? एक शक्यता अशी की तुकडे होतात, पाच धरून ठेवायचा, वीस येईपर्यंत थांबायचं, मग उलटं करून लिहायचं. दुसरी शक्यता अशी की पंचवीस ही एक आख्खी आठवण आहे, तुकडे बिकडे काही नाहीत, शब्द ऐकला की २५ समोर येतं. मला आणि निपाणीच्या माझ्या मावसभावाला (तो तिथं कॉम्प्युटर क्लास चालवतो, पुढं दादा म्हणते तो हाच) या दोन्हीची कॉम्प्युटरवर मॉडेल करून बघायची आहेत, आणि मुलांच्या पुढ्यात जायच्या आधी करून बघायची आहेत.

२३ एप्रिल

मॉडेलसाठी ॲक्ट-आर घ्यायचं ठरलं, माणूस कसा विचार करतो आणि आठवतो याची मॉडेल बांधायचा प्रोग्रॅम. अमेरिकेत कार्नेगी मेलन युनिव्हर्सिटीत जॉन अँडरसन आणि त्यांच्या सोबतच्या लोकांनी ते बांधलं, लिस्प या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत लिहिलेलं आहे, फुकट मिळतं. त्यात मनाचं काम छोट्या छोट्या पायऱ्यांनी चालतं, एक पायरी साधारण ५० मिलिसेकंदाची, आणि आठवणींचा वेगळा साठा असतो. प्रत्येक आठवणीला एक आकडा असतो, ॲक्टिव्हेशन. आठवण वापरली की तो वर जातो आणि वेळ जाईल तसा उतरत जातो.

दादाला समजावून सांगताना मी हिशोब करून दाखवला तो इथं ठेवते. उतरायचा वेग d सहसा ०.५ धरतात. एकदाच ऐकलेली गोष्ट, एका सेकंदानं तिचं ॲक्टिव्हेशन ०, तासाभरानं उणे ४.०९, एका दिवसानं उणे ५.६८. म्हणजे पहिल्या तासातच बहुतेक सगळं उतरून जातं आणि पुढच्या २३ तासात त्यामानानं थोडंच उतरतं. एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञांनी १८८५ मधे स्वतःवरच पाठांतराचे प्रयोग करून विसरण्याचा जो आलेख छापला त्याचा आकार असाच आहे. सव्वाशेहून जास्त वर्षांपूर्वीचं निरीक्षण एवढ्याशा समीकरणात बसतंय हे बघून मला खरंच भारी वाटतं.

यात हाताशी चार पॅरामीटर आहेत, म्हणजे आपण कमी जास्त करून बघायचे आकडे. उतरायचा वेग, नॉइज म्हणजे प्रत्येक वेळी थोडं वरखाली होणं, थ्रेशोल्ड म्हणजे ज्याच्या खाली आठवण येतच नाही, आणि चौथा F, आठवायला किती वेळ लागतो ते ठरवणारा. माणसाला तेच काम दोनदा दिलं तर दोनदा सारखा वेळ लागत नाही, म्हणून मॉडेलला पण नॉइज द्यावाच लागतो.

२ मे

सगळ्या गोष्टीचं मूळ त्या नॉइजमधे आहे. नॉइज असल्यामुळं मॉडेल एकदा चालवून काही कळत नाही, तेच पॅरामीटर ठेवून शंभर वेळा चालवायचं आणि सरासरी काढायची. आता हिशोब: चार पॅरामीटर, प्रत्येकाच्या २० किमती, म्हणजे १,६०,००० बिंदू (एक बिंदू म्हणजे चौघांच्या एकेक किमतीची एक जोडणी). प्रत्येक बिंदूला १०० रन, म्हणजे १ कोटी ६० लाख रन. एक रन म्हणजे एका मुलाची आख्खी बैठक, त्याला अर्धा सेकंद धरला तर ८० लाख सेकंद, प्रोसेसरच्या एका कोअरवर साधारण ९३ दिवस न थांबता. आणि हे एका मॉडेलचं, आपल्याकडं दोन आहेत. पाचवा पॅरामीटर आणला तर वीसपट, पाच वर्षं.

पण यातला कुठलाच रन दुसऱ्या रनवर अवलंबून नाही. हवामानाच्या मॉडेलमधे शेजारच्या चौकोनात काय चाललंय ते कळल्याशिवाय पुढं जाता येत नाही, इथं तसं काही नाही, एक बिंदू खानापुरात चालला आणि दुसरा चिकोडीत तरी एकमेकाला विचारायचं काम नाही. म्हणून वाटून घेता येतं. आणि आपल्याकडं रिकामी बसलेली मशीनं किती आहेत, क्लासच्या लॅब, डीटीपीवाले, झेरॉक्सची दुकानं, उद्यमबागमधली ड्रॉइंगची ऑफिसं. दिवसभरातला निम्मा वेळ नुसता स्क्रीनसेव्हर फिरत असतो.

८ मे

ही युक्ती आमची नाही, आधीपासून चालत आलेली आहे, आणि ज्यांना मशीन मागायचं त्यांना हे माहीत असायला पाहिजे म्हणून थोडक्यात लिहिते. सेटी ॲट होम १७ मे १९९९ ला सुरू झालं, रेडिओ दुर्बिणीच्या डेटात परग्रहावरचा सिग्नल शोधायला लोकांचे घरचे कॉम्प्युटर वापरले, ३१ मार्च २०२० ला त्यांनी नवीन काम वाटणं थांबवलं. त्यातूनच बर्कलीच्या डेव्हिड अँडरसन यांनी बोइंक बांधलं (हे अँडरसन वेगळे, वरचे जॉन वेगळे, आमच्या ग्रुपवर यावरून रोज गोंधळ होतो). बोइंक म्हणजे कुठल्याही संशोधनाला वापरता येईल असा सांगाडा, सर्व्हर काम वाटतो, लोकांच्या मशीनवर क्लायंट ते करतो आणि उत्तर परत पाठवतो. मनाच्या मॉडेलसाठी पण हे झालेलं आहे, माइंडमॉडेलिंग ॲट होम नावाचा प्रकल्प, ओहायोतल्या डेटन युनिव्हर्सिटीची रिसर्च इन्स्टिट्यूट आणि राईट स्टेट युनिव्हर्सिटी यांच्याकडचा. आमचं काम त्याच वाटेवरचं आहे, फक्त आकडे मराठी कन्नड आणि मशीनं इथली.

१५ मे

सर्व्हर उभा राहिला. लिनक्स, त्यावर मायएसक्यूएल, अपाची, पीएचपी, आणि बोइंकचे आपले आपले डीमन, म्हणजे मागं सतत चालणारे प्रोग्रॅम. काम तयार करणारा एक, उत्तरं तपासणारा एक, तपासलेली उत्तरं उचलून आपल्या टेबलात भरणारा एक, जुन्या फायली पुसणारा एक. ॲक्ट-आर लिस्पमधे असल्यामुळं ते थेट बोइंकचं होत नाही, रॅपर नावाचा प्रकार आहे त्यात गुंडाळून द्यायचं, रॅपर बोइंकशी बोलतो आणि आत आपला प्रोग्रॅम आपल्या पद्धतीनं चालतो.

एक गोष्ट दादानं पहिल्या दिवसापासून लावून धरली आणि ती मला पूर्ण पटली. प्रोग्रॅमवर सही करायची किल्ली सर्व्हरवर ठेवायची नाही, नेटला कधीच न जोडलेल्या वेगळ्या जुन्या लॅपटॉपवर ठेवायची. म्हणजे उद्या कोणी सर्व्हरमधे घुसलं तरी आपल्या नावानं लोकांच्या मशीनवर भलताच प्रोग्रॅम पाठवू शकणार नाही. लोक ओळखीवर मशीन देणार आहेत, त्या ओळखीला धक्का लागता कामा नये.

२१ मे

कामाचा तुकडा किती मोठा ठेवायचा यावर चर्चा. एक बिंदू म्हणजे ५० सेकंद, तेवढ्यासाठी सर्व्हरशी जा ये करणं परवडत नाही. साठ बिंदू एकत्र बांधले, ५० मिनिटांचं एक वर्क युनिट झालं. खानापूर तालुक्यात पावसाळ्यात लाइट कधी जाईल सांगता येत नाही, म्हणून दर बिंदूनंतर चेकपॉइंट, म्हणजे तोवरचं काम साठवून ठेवायचं. लाइट गेली तर जास्तीत जास्त एका मिनिटाचं काम जातं, परत आली की तिथूनच पुढं.

मोबाईलवर पण बोइंक चालतं, पण आमचा प्रोग्रॅम मोबाईलसाठी बांधलेला नाही, त्यामुळं ते राहू दे.

२६ मे

आज मशीन मागायला फिरलो. शहापूरच्या झेरॉक्सवाल्या काकांनी पहिला प्रश्न विचारला तो बिलाचा. "मॅडम, हे चालू ठिवलं तर बिल किती यील ते सांगा की आधी." अगदी रास्त प्रश्न. त्यांना हिशोब करून दिला, कामात असलेला जुना डेस्कटॉप ८० वॅट खातो असं धरलं तर दहा तासात ०.८ युनिट, आणि त्यातलं बरंचसं तो नुसता चालू असला तरी जातंच. तरी मी सगळ्यांना एकच नियम सांगितला, दुकान उघडल्यावर मशीन चालू होतंय तेवढंच, रात्री मुद्दाम चालू ठेवायचं नाही. फुकट दिलेल्या मशीनचं बिल माणसाला टोचायला लागलं तर तो महिन्याभरात काढून टाकणार, आणि काढलंच पाहिजे.

दुसरा प्रश्न उद्यमबागमधून, "आमचं ड्रॉइंग उघडलेलं असताना हे मधे मधे करंल काय?" बोइंकमधे सेटिंग आहे, माणूस मशीन वापरत असेल तर थांब, दुसऱ्या प्रोग्रॅमनं प्रोसेसर घेतला तर थांब. त्यांच्यासमोरच मोठं ड्रॉइंग उघडून दाखवलं, बोइंक गप्प बसलं, ते बघून त्यांनी ऑफिसातल्या सगळ्या मशीनवर लावायला सांगितलं.

बैलहोंगलच्या एका कॉलेजातल्या कन्नड शिकवणाऱ्या मॅडमनी पण लॅब देऊ केली. मशीनवर चिकटवायची चिठ्ठी मराठीत आणि कन्नडमधे दोन्ही केली, कन्नड त्यांनीच लिहून दिलं. चिठ्ठीत लिहिलंय की या मशीनवर फक्त मॉडेलचे पॅरामीटर येतात, कुठल्याही मुलाची माहिती येत नाही. ते खरंच तसं आहे, मुलांचा डेटा आला की त्याच्याशी तुलना सर्व्हरवरच होणार, बाहेर एक ओळ जाणार नाही.

४ जून

उत्तरं खरी कशी मानायची? परक्या मशीनची रॅम खराब असेल, कोणी प्रोसेसर जास्त पळवत असेल, तर आकडा चुकीचा येऊ शकतो. बोइंकचा उपाय कोरम, तेच काम दोन वेगळ्या मशीनना द्यायचं आणि जुळलं तरच घ्यायचं. पण आमच्या मॉडेलमधे नॉइज आहे, दोन मशीनवर मुळातच वेगळं येणार! म्हणून रँडम आकड्यांचं बी, सीड, वर्क युनिटमधेच लिहून पाठवतो. तेच सीड दिलं की तोच नॉइज त्याच क्रमानं पडतो.

त्यातून विंडोज आणि लिनक्सची दशांशातली शेवटची घरं वेगळी येऊ शकतात, आणि थ्रेशोल्डजवळ तेवढ्यावरून सुद्धा एक आठवण येते किंवा येत नाही. त्यासाठी जोडी एकाच प्रकारच्या मशीनची लावायची, ती सोय बोइंकमधे आहे.

कोरममुळं काम दुप्पट होतं. तीसेक कोअर, दिवसाला आठ तास धरले तर एका मॉडेलला नऊ-दहा दिवसांऐवजी अठरा-एकोणीस. चालतंय. जी मशीनं सतत बरोबर उत्तर देतील त्यांना पुढं एकट्यानं काम देता येतं, मधून मधून तपासणी ठेवून.

१२ जून

मॉडेलची मशीनं चालू असताना दुसरी बाजू, आवाज रेकॉर्ड करायचं काम. दोन्ही भाषेतले आकडे एकाच माणसाच्या आवाजात पाहिजेत, नाहीतर फरक भाषेचा की आवाजाचा ते कळणार नाही. संकेश्वरच्या आमच्या एका आत्याबाई दोन्ही भाषा सारख्याच सहज बोलतात, त्यांनी बसून ११ ते ९९ दोन्हीत म्हणून दिले. एकूनपन्नास, एकूनसाठ असं जसं इथं म्हणतात तसंच ठेवलं, पुस्तकी करायला लावलं नाही. मुलं जे रोज ऐकतात तेच कानावर पडलं पाहिजे.

मूल ऐकलेला आकडा बटणांनी दाबणार, त्याची वेळ कुठून मोजायची हे आज पक्कं झालं. शब्द संपल्यापासून मोजली तर कन्नडवर अन्याय होतो असं नाही, उलट फायदाच दिसतो, कारण इप्पत्तैदु मधलं इप्पत्त ऐकलं की मूल शब्द संपायच्या आत २ दाबू शकतं. मराठीत पंच ऐकून पहिलं बोट कुठं टाकणार? म्हणून शब्द सुरू झाल्यापासून मोजायचं आणि दोन्ही अंकांची वेळ वेगवेगळी नोंदवायची. मला वाटतं या सगळ्या प्रयोगात सगळ्यात जास्त सांगणारा आकडा पहिल्या अंकाच्या वेळेचाच असणार.

३० जून, खानापूर

धो धो पाऊस. इथली मशीनं दिवसातून कितीतरी वेळा बंद पडतात पण चेकपॉइंट आपलं काम करतंय, वर्क युनिट उशिरा का होईना परत येतात. मुदत आठवड्याची ठेवली होती ती या भागासाठी दोन आठवडे केली. इथल्या सायबरवाल्या पोरानं स्वतःहून यूपीएसवर असताना बोइंक थांबेल अशी सेटिंग लावली, बॅटरी गिऱ्हाईकासाठी ठेवायची म्हणून. बरोबर केलं त्यानं.

१३ जुलै

पहिल्या मॉडेलचा पूर्ण नकाशा आला, म्हणजे कुठल्या बिंदूला काय उत्तर येतं ते. तुकडे जोडणारं मॉडेल, सगळे बिंदू. आणि आज जे दिसलं त्यासाठीच ही सगळी यातायात होती.

नुसता सगळ्यात चांगला बिंदू शोधायचा असता तर एवढी मशीनं लागलीच नसती, हुशार शोधपद्धती वापरून लॅपटॉपवर एका रात्रीत मिळाला असता. पण त्या एका बिंदूवर विश्वास किती ठेवायचा? रॉबर्ट्स आणि पॅशलर या मानसशास्त्रज्ञांनी २००० साली हाच आक्षेप घेतला होता, की मॉडेल डेटाशी जुळलं एवढ्यानं काही सिद्ध होत नाही, ते मॉडेल दुसऱ्या कशाशी जुळलं नसतं हे पण दाखवा. ते दाखवायचं तर सगळी जागा चालून बघायला लागते, हरलेले बिंदू पण.

तर नकाशात एका ठिकाणी खड्डा, म्हणजे एकच सगळ्यात चांगली जागा दिसेल असं दादाला वाटत होतं, दिसली ती लांबलचक दरी, तिच्या तळाशी शेकडो बिंदू जवळपास सारखेच चांगले. त्यातला एक भाग कागदावर सोडवता येतो. आठवायला लागणारा वेळ म्हणजे F गुणिले e चा (गणितातला ठराविक आकडा, साधारण २.७१८) उणे ॲक्टिव्हेशन घात. मुलानं आजवर आकडे ऐकलेल्या वेळा सगळ्या दुप्पट धरल्या तर ॲक्टिव्हेशन ०.६९ नं वाढतं. आणि F पण दुप्पट केला की वेळ पुन्हा तेवढीच! थ्रेशोल्ड पण ०.६९ नं वर नेला की चुका सुद्धा तेवढ्याच. म्हणजे भरपूर सराव असलेलं पण सावकाश आठवणारं मूल आणि सराव कमी पण झटकन आठवणारं मूल, या दोघांत मॉडेलला फरकच दिसत नाही. कितीही मिलिसेकंद मोजा, कळणार नाही.

याचा अर्थ आमच्या प्रयोगाला मोठा आहे. मुलानं कुठल्या भाषेत आकडे किती ऐकलेत हे वेगळं विचारून घ्यावंच लागेल. पाढे कुठल्या भाषेत पाठ केलेत, दुकानात हिशोब कोण सांगतं, आजी कुठल्या भाषेत पैसे मोजते. ही प्रश्नावली आमच्या मूळ आराखड्यात नव्हती, ती मशीनांनी मागून घेतली, एकाही मुलाला शाळेच्या तासातून उठवायच्या आधी. मुलांचा वेळ मशीनच्या वेळेपेक्षा कितीतरी महाग आहे.

१९ जुलै

झेरॉक्सवाल्या काकांना नकाशा छापून नेऊन दाखवला, त्यांच्याच मशीनवर छापला खरं तर. त्यांनी विचारलं, "ह्यातलं आमचं कुठलं?" म्हणून घरी येऊन डेटाबेसमधून त्यांच्या मशीननं केलेले बिंदू वेगळ्या रंगात काढले आणि परत छापून दिले. आता सगळ्यांसाठी असा एकेक कागद काढणार आहे. बोइंकमधे क्रेडिटचे आकडे असतात, मोठ्या प्रकल्पांत लोक त्यावर चढाओढ करतात, पण इथल्या माणसाला आपला भाग नकाशावर बघायला जास्त आवडतं असं दिसतंय.

२ ऑगस्ट

दुसऱ्या मॉडेलचा पण नकाशा पूर्ण. आख्ख्या शब्दाची आठवण. सरासरी वेळ दोन्ही मॉडेल जुळवून देऊ शकतात, दरीत कुठंतरी उभं राहिलं की झालं. म्हणजे मराठी मुलांना मराठी आकड्याला जास्त वेळ लागला एवढं दाखवून कुठलंच मॉडेल बाद होणार नाही.

फरक पडतो तो चुकांच्या जातीत. तुकडेवालं मॉडेल २५ चं ५२ करतं, दरीत कुठंही उभं राहा, थोडं तरी करतंच. आख्ख्या शब्दाचं मॉडेल उलटं करतच नाही, त्याची चूक सारख्या आवाजाच्या शब्दाकडं जाते, एकोणसाठ आणि एकोणसत्तर, त्रेपन्न आणि त्रेसष्ट. आणि एकोणपन्नासला तुकडेवाल्याचा पहिला अंक ५ पडतो, कारण पन्नास ऐकलेलं असतं आणि एक कमी करायचं राहून जातं, दुसऱ्याला तसं काही कारण नाही.

माझं स्वतःचं मत, दोन्ही खरं निघेल. पंचवीस, पन्नास, पंचाहत्तर हे रोजच्या व्यवहारातले आकडे आख्खे बसलेले असणार आणि त्रेसष्ट, एकोणसत्तर सारखे तुकड्यांनी. दादाला हे पटत नाही, त्याच्या मते मुलं सगळेच पाढ्यातून आख्खे शिकतात. मिश्र मॉडेल केल्याशिवाय हा वाद मिटणार नाही.

१० ऑगस्ट

प्रश्नावली दोन्ही भाषेत झाली, बैलहोंगलच्या मॅडमनी कन्नड बघून दिली. आकड्यांची यादी बदलली, एकोणवीस ते एकोणनव्वद आठही ठेवले आणि उलटं केल्यावर वेगळा आकडा होतो असेच बाकीचे घेतले, ३३ आणि ४४ काढून टाकले कारण त्यात उलटी चूक दिसणारच नाही. नव्व्याण्णव पण काढला, तो एकोणशंभर नाही आणि त्यात दोन्ही अंक सारखे. पालकांच्या सहीचा कागद शाळेकडं दिलाय, मुख्याध्यापकांनी गणपतीनंतर या म्हणून सांगितलंय.

मिश्र मॉडेलमधे पाचवा पॅरामीटर येतोय, किती ऐकलं की आकडा आख्खा धरायचा तो. वीसपट काम झेपणार नाही, म्हणून F एका किमतीला बांधून टाकला, त्या दरीमुळं तसं करायला हरकत नाही हे आता माहीत आहे, बिंदू परत १,६०,००० वर आले. आज संध्याकाळी निपाणीच्या लॅबला पहिली वर्क युनिटं सोडली, खानापूरला पाऊस ओसरल्यावर जास्त देईन.